डाव्या हाताखालची खीळ

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी राखीनं चक्कीचा चौथा बोल्ट सोडवला. पहिले तीन सहज निघाले होते. चौथ्यावर पीठ आणि ग्रीस यांचा इतका जाड थर बसला होता की तिला पान्यावर पाय देऊन जोर लावावा लागला. बाहेर कामरगावच्या स्टँडवरून कारंज्याची पहिली जीप हॉर्न देत निघाली. आत मोटर बंद होती, पट्टा उतरवून खुंटीला टांगला होता. दारावर खडूनं लिहिलेलं होतं: आज अमावस्या, चक्की बंद.

अमावस्येला दळायचं नाही ही तिचे सासरे दौलतराव यांची रीत. त्या दिवशी ते चक्कीला टाकी लावत, म्हणजे महिनाभर दळून गुळगुळीत झालेले दगड छन्नी-हातोडीनं पुन्हा खरखरीत करत. दार ओढून घेत आणि एकटेच बसत. राखी दहा वर्षं त्यांच्यासोबत चक्कीवर होती. दळण घालणं, पट्टा चढवणं, मोटर जळाल्याचा वास ओळखणं, सगळं तिला त्यांनीच शिकवलं. टाकी मात्र शिकवली नाही. "चीप उडते डोळ्यात. तू बाहेर राय," एवढंच म्हणत. तिला ती काळजी वाटायची.

दौलतराव गेले त्याला पंचेचाळीस दिवस झाले होते. मधली अमावस्या दिवाळीची होती. तेव्हा दगड ताजे होते आणि घराला कशाची शुद्ध नव्हती. आता मात्र पीठ गरम आणि जाडं निघू लागलं होतं. कारंज्याच्या टाकीवाल्यानं आठ दिवसांनी येतो म्हणून सांगितलं. आठ दिवस थांबणं राखीला परवडणारं नव्हतं. नवरा हरीओम पहाटेच हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात गेला होता. तिनं डोक्याला फडकं बांधलं, दौलतरावांचा जुना चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कामाला लागली.

बोल्ट निघाल्यावर पुढचं झाकण दगडासकट बिजागरीवर फिरलं. दगड उघडे झाले. त्यांच्याभोवतीच्या लोखंडी घरात पीठ साचलं होतं. ते असणारच होतं, कारण दळणाचं थोडं पीठ दर वेळी आत अडकतं. राखीनं कुंचा घेतला आणि झाडायला सुरुवात केली. घराच्या तळाशी, पीठ बाहेर पडायच्या तोंडाजवळ, कुंच्याचे केस कशात तरी गेले आणि अडकले.

*

दौलतरावांविषयी कामरगावात कुणालाही विचारलं, तर माणूस आधी हातातलं काम बाजूला ठेवतो.

चार एकर कोरडवाहू जमीन आणि तीन धाकटे भाऊ एवढं त्यांच्या वाट्याला आलं. वयाच्या सोळाव्या वर्षी ते कारंज्याच्या एका दालमिलमध्ये लागले. बारा वर्षं तूर भरडली. तिथंच मशीन उघडायला आणि जोडायला शिकले. मिल बंद पडली तेव्हा भंगारात निघालेली एक चक्की बैलगाडीवर घालून गावात आणली. ती उभी करायला पाच महिने लागले. वेल्डिंग त्यांनी स्वतः केलं, ओटा स्वतः बांधला. तिन्ही भावांची लग्नं त्या चक्कीवर झाली. तीन भावांच्या मिळून पाच पोरी, त्यातल्या दोघी आज नर्स आहेत. गल्लीतली सांडपाण्याची नाली त्यांनी आणि आणखी दोघांनी कुदळीनं खोदली, ग्रामपंचायतीचं सिमेंट आठ वर्षांनी आलं. कुणाच्या घरी मौत झाली की पहिला माणूस दौलतराव असायचा. बांबू, सुतळी, मडकं, सगळं त्यांना पाठ होतं. लॉकडाऊनमध्ये दळण घ्यायला लोक येऊ शकत नव्हते, तर ते हातगाडीवर पीठ घालून दारोदार गेले. साठ ओलांडलेला माणूस, तोंडाला उपरणं बांधून.

भुवयांमध्ये कायम पीठ. एका कानानं ऐकू कमी यायचं, मोटर त्याच बाजूला होती. चक्की चालू असताना ते ओट्याशी उभे राहत, उजव्या हातानं दाणे सोडत, आणि डावा हात ओट्याच्या कडेखाली टेकवलेला असे. हाताला दगडाची थरथर कळते, दळण बारीक की जाडं ते समजतं, असं ते सांगत. गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करताना आधी डावा हात कमरेच्या खाली न्यायची.

आणि त्यांचा डबा. दाराच्या आत, उजव्या कोपऱ्यात, झाकण असलेला पत्र्याचा उंच डबा. चक्की बंद करून झाडलोट झाली की झाडणीचं पीठ त्यात जायचं. गहू, ज्वारी, बेसन, सगळं एकात एक. ते चार घरी जायचं. हेमलाबाई दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसातला जर्मनचं पातेलं घेऊन येत. त्यांचा मुलगा पुण्याकडे गेला तो परत आलेला नाही. बाकीच्या तीन घरांनाही वार ठरलेले होते. पंचवीस वर्षांत त्या घरांचा वार चुकला नाही.

दौलतराव गेल्यावर तेरवीनंतर राखीनं चक्की पुन्हा सुरू केली. तिच्या झाडलोटीत रोज जेमतेम दोन ओंजळी पीठ निघायचं. मामाजींना, म्हणजे दौलतरावांना, एवढं कसं निघायचं, हे तिला कळेना. आपण नीट झाडत नाही असं वाटून ती कोपरे कोरून काढू लागली. तरी डबा भरेना. वार आला की ती गुपचूप घरातल्या गव्हाची कणीक त्यात ओतायची. मामाजींचा डबा आपल्या हातून बंद पडला असं कुणी म्हणू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

त्याच दिवसांत बाया म्हणू लागल्या होत्या, "राखी, तुह्या हाताले बरकत हाय व. पीठ जास्त भरते." पहिल्यांदा तिला बरं वाटलं. दुसऱ्यांदा राग आला, मेलेल्या माणसाशी तुलना कशाला म्हणून. तिसऱ्यांदा तिनं ऐकून सोडून दिलं. आठवड्यापासून चक्कीत पिठातली पाखरं उडत होती, कुठून येतात ते सापडत नव्हतं.

*

कुंचा अडकला होता तिथं घराच्या लोखंडात एक फट होती. बोटभर रुंद, वीतभर लांब. गंजून पडलेली नव्हे, कापलेली. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या होत्या. फटीवर पितळेची पट्टी होती आणि ती खाचेत सरकत होती. राखीनं बोटानं ढकलली. पट्टी मागं गेली, फट बंद झाली. ओढली, उघडली.

पट्टीला तार होती. तार त्या लोखंडी घरातून बाहेर पडून ओट्याच्या कडेखालून पुढं गेली होती. राखी गुडघ्यावर बसली आणि कडेखाली हात घालून चाचपडली. बोटांना लाकडाची खीळ लागली, वापरून वापरून बोरासारखी गुळगुळीत झालेली. ती खीळ तिच्या हाताला जिथं लागली, तिथं दौलतरावांचा डावा हात असायचा.

फटीखाली तेलाच्या डब्याच्या पत्र्याची एक नळी होती. ती ओट्याच्या आत उतरत होती. राखीनं मागची रिकामी पोती हटवली. ओट्याच्या दोन विटा सैल होत्या. त्या काढल्या तर आत पंधरा किलोचा तेलाचा डबा निघाला. काठोकाठ भरलेला, आणि त्यावर नळीच्या तोंडापर्यंत पीठ दाबून बसलेलं. त्याला जाळी धरली होती, आळ्या झाल्या होत्या. दोन पाखरं तिच्या तोंडावरून उडाली.

तिला सगळं समजायला फार वेळ लागला नाही, कारण चक्की तिला समजत होती. फट उघडी असली की प्रत्येक दळणातलं ओंजळभर पीठ तिथून खाली जातं. दौलतराव गेले तेव्हा खीळ उघडी राहिली. चार दिवसांत डबा भरला, नळी तुंबली, आणि पुढं पीठ जायला जागाच उरली नाही. म्हणून लोकांचं पीठ पूर्ण निघू लागलं. हीच तिची बरकत.

ती जमिनीवर बसून राहिली. तिला डबा, चार घरं, पंचवीस वर्षं, यातलं काही आठवलं नाही. तिला मंजू आठवली.

*

मंजू आणि राखी दोघी किन्हीराजाच्या. एका शाळेत, एका बाकावर. लग्नंही एकाच उन्हाळ्यात, एकाच गावात झाली. मंजूचा नवरा देवानंद दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा, तेव्हा मंजू राखीच्या घरचं अंगण आपलंच समजायची. भाजीची वाटी इकडून तिकडे जायची, ती रिकामी परत येत नसे.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी, चक्कीत सात-आठ बाया रांगेत असताना, मंजू पिठाचा डबा परत घेऊन आली. तिनं घरी तागडीवर तोललं होतं.

"मामाजी, माहं पीठ कमी भरून राह्यलं. दर खेपेले."

"तूट येतेच बाई. दगड खाते थोडं."

"थोडं खाते ते मले समजते. हे थोडं नाई."

दौलतराव काही बोलले नाहीत. राखी बोलली. मैत्रीण होती म्हणून जास्त बोलली. कुणाच्या चक्कीत उभी राहून हे म्हणते, या माणसानं तुझ्या सासऱ्याची तिरडी बांधली, असं बरंच काही. मग म्हणाली, आत्ता सगळ्यांसमोर तोल. मंजूनं दळायला सोबत आणलेल्या पिशवीतली पाच किलो ज्वारी तोलून दळायला घातली. दौलतराव नेहमीसारखे उभे राहिले. उजव्या हातानं दाणे सोडले, डावा हात ओट्याच्या कडेखाली. पीठ तोललं. मूठभर कमी, बस. बाया हसल्या. एकीनं विचारलं, "मंजे, तुह्या घरच्या तागडीले उंदीर लागले का व?"

राखी तेवढ्यावर थांबली नाही. तीन वर्षांची लेक वैभवी तिच्या पदराला धरून उभी होती. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "या चक्कीत कोनाची चिमूट राहत असन तर मले माह्या पोरीची आन."

त्या भागात लेकराच्या डोक्यावर हात ठेवून बोललेल्या शब्दापुढं कुणी बोलत नाही. मंजूनं डबा उचलला आणि गेली. दौलतराव म्हणाले, "जाऊ दे राखी, पुढचं दळण घे."

आठ दिवसांनी त्यांनीच दोन किलो पीठ बांधून राखीच्या हाती दिलं. मंजूच्या घरी नेऊन दे म्हणाले, देवानंद नाही घरी. राखीला सासऱ्याच्या मनाचा मोठेपणा वाटला. मंजूनं दारातच पिशवीकडे पाहिलं.

"माहंच पीठ मले कायले देता?"

राखीला ती आखडू वाटली. त्यानंतर मंजू शेलूच्या फाट्यावरच्या चक्कीत जाऊ लागली. दोन किलोमीटर जाणं, दोन येणं, डोक्यावर डबा. गल्लीत समोरून आली तर नजर खाली. आठ वर्षं.

*

साडेसातला रतनसिंग आले. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. गल्ली त्यांना कंडक्टरसाहेब म्हणते. चौकात दौलतरावांच्या फोटोचं फ्लेक्स लागणार होतं आणि शुक्रवारी श्रद्धांजलीची सभा होती. तो सगळा भार त्यांनी स्वतःहून घेतला होता.

"अव राखी, अमावस्येले तू आत काय करून राह्यली?"

"टाकी लावून राह्यली."

"बाईच्या हातानं टाकी? दौलतभाऊ असते तर..." ते हसले आणि मोबाइल पुढे केला. "हे पाय. कारंज्याहून आलं. फायनल कर, मंग छापाले देतो. उद्या दुपारी दोनची गाडी पकडतो."

स्क्रीनवर दौलतराव होते. पुतणीनं लॉकडाऊनच्या वर्षी काढलेला फोटो. चक्कीशी उभे, भुवया पांढऱ्या, चेहऱ्यावर अर्धं हसू. डावा हात ओट्याच्या कडेखाली. खाली मोठ्या अक्षरांत: कोणाच्या दाण्याला कधी हात लावला नाही, कोणाचं पोट कधी रिकामं ठेवलं नाही.

"कोनं लिहिलं हे?"

"मीनं. काहून? बसलं नाई का?"

"हा फोटो काढून टाका."

"अव, हाच तर त्याचा फोटो हाय. पोट्टेसोट्टे बी वळखते. हा हात पाय ना, हात. असा हात कोनाचा व्हता?"

राखी हाताकडे बघत होती.

"कंडक्टरसाहेब, अजून छापू नका."

"आता काय, रंग आवडला नाई?" रतनसिंग कुरकुरले. "लोकाईनं वर्गणी दिली नाई म्हनते का? सगळे तयार हायत. त्या डब्यालेबी रंग मारू, सभेत ठेवू. लोक पाया पडतील." मग त्यांनी वाकून उघड्या चक्कीत पाहायला मान पुढे केली. राखी उठली आणि फटीच्या समोर उभी राहिली. का उभी राहिली, ते तिलाही त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"चीप उडते डोळ्यात," ती म्हणाली. "तुमी बाहेर राहा."

रतनसिंग गेल्यावर ते वाक्य तिच्या कानात राहिलं. दौलतरावांचं वाक्य होतं. तिनं पान्यानं नळी उखडली. पट्टी, तार, खीळ, सगळं काढलं आणि घरात नेऊन सासूच्या पुढ्यात ठेवलं.

प्रयागबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी खीळ पाहिली आणि हातातली शेंग सोलून पूर्ण केली. दाणे सुपात टाकले.

"तुमाले ठाव व्हतं, आत्याबाई."

"एका घरात राह्यलो बेचाळीस वर्षं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगून काय करनार व्हती तू? चार घरं जगली त्याच्यावर. हेमला जगली. तो काई आपल्या ताटात घेत नव्हता. आपल्या घरात त्या पिठाची एक भाकर झाली नाई, इचार कोनालेबी."

"लोकाइले इचारून घेतलं असतं त्याईनं. एक मूठ द्या म्हनले असते तर कोन नाई म्हनलं असतं?"

"चार दिवस देल्लं असतं. मंग नाव सांगत फिरले असते, आमी देतो आमी देतो म्हनून. हेमलानं घेतलं असतं काय असं?" प्रयागबाईंनी दुसरी शेंग घेतली. "आन गरिबाचं दळन असलं का तो खीळ लावून घ्यायचा. पाहून करत व्हता."

"मंजू गरीब नव्हती काय?"

"त्या साली देवानंदनं गाडी घेतली व्हती. त्याले वाटलं, बरं चालून राह्यलं."

गाडी घेतली म्हणून. कुणाच्या घरी काय चाललं आहे, ते हा माणूस दळण ओतता ओतता ठरवत होता.

"मी आन घेतली, तवा तुमी दारात उभ्या व्हत्या."

प्रयागबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"व्हती."

"आन ते चक्कीजवळ उभे व्हते. वैभवीच्या डोक्यावर माहा हात व्हता. एक शब्द बोलले असते. नको राखी, आन नको घेऊ, एवढंच. मंजूचं खरं हाय, हेबी नाई म्हना. नुसतं नको म्हनले असते."

"त्या दिवशी जेवला नाई तो."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी जेवला."

"दुसऱ्या दिवशी ही फट बंद केली का, ते इचारून राह्यली मी."

सासूनं सुपातले दाणे एका बाजूला केले, मग दुसऱ्या. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वैभवीला टायफॉइड झाला होता. दौलतराव नऊ दिवस वाशीमच्या दवाखान्यात नातीच्या खाटेशी बसून होते. घरी चला म्हटलं तरी उठले नाहीत. गल्लीत त्यांच्या प्रेमाचा दाखला म्हणून ती गोष्ट अजून सांगतात. राखीनंही सांगितली आहे, किती तरी वेळा. आता तिला त्या नऊ दिवसांत खोट्या आणेची भीती दिसली आणि ती सासूला विचारायचं टाळून बाहेर पडली. ते उत्तर तिला नको होतं.

*

मंजूचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, हातपंपाच्या पलीकडे. अकरा वाजले होते. मंजू दारात कपडे वाळत घालत होती. राखीला पाहून तिनं दोरीवरची साडी नीट केली, जणू समोर कुणी नाही.

राखीनं पट्टी, तार आणि खीळ ओसरीवर ठेवली आणि काय कशाला जोडलं होतं ते सांगितलं. क्रमानं, चक्कीचं काम समजावून सांगावं तसं. डाव्या हाताशी आली तेव्हा मंजूनं साडी सोडली. खाली बसली, खीळ उचलली आणि अंगठा तिच्यावरून फिरवला.

"किती गुळगुळीत झाली हे."

"हो."

"मीनं घरी जाऊन तागडी तपासली व्हती त्या दिवशी. देवानंदले फोनवर म्हनलं, माहीच चूक असन. दुसऱ्या दुकानातून वजन आनलं. मंग पुन्हा तोललं. वजन बरोबर व्हतं, तरी मले वाटे माहीच चूक असन." तिनं खीळ खाली ठेवली. "सगळी गल्ली एका बाजूनं असली का मानसाले आपल्याच डोयाचा भरोसा राहत नाई."

"मले ठाव नव्हतं मंजू. खरंच ठाव नव्हतं."

"तुले ठाव नव्हतं हे मले तवाच समजलं. ठाव असतं तर पोरीच्या डोक्यावर हात ठेवला नसता तू. म्हनून तर जास्त राग आला तुहा. न पाहता आन घेतली."

हातपंपावर कुणी तरी घागर भरत होतं. दांड्याचा आवाज येत राहिला.

"आता मी काय करू?" राखीनं विचारलं.

"मले काय इचारते? चार बायाइसमोर बोलली व्हती. चार बायाइसमोर सांग." मंजू उठली, बालदीतला परकर पिळला. "इथं ओसरीवर सांगतलं, ते तुह्यापाशी राह्यलं आन माह्यापाशी. आठ वर्षं माह्यापाशी व्हतंच."

"मामाजीचं नाव जाईन."

"जाईन."

"हेमलाबाईचं काय?"

"ते तुमी घरचे पाहा. मले खोटी पाडली, तवा हेमलाबाईनंच उंदराचं म्हनलं व्हतं." मंजूच्या ओठाला किंचित हसू आलं आणि गेलं. "मी उद्या दळन लावीन. सगळ्याइसमोर तोलजो. पहिले दाणे, मंग पीठ. आन काय सांगाचं ते मोटर सुरू कराच्या आंधी सांगजो. मोटरच्या आवाजात नको."

राखी निघाली तेव्हा मंजूनं मागून आवाज दिला नाही. खीळ मात्र तिनं परत दिली नाही.

*

दुपारी राखीनं वेल्डिंगवाल्याला बोलावून फटीवर लोखंडाची पट्टी बसवून घेतली. काय आहे हे त्यानं विचारलं, तिनं छिद्र पडलं होतं म्हणून सांगितलं. उद्याच्या आधी कुणाला सांगायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. पण खोटं बोललो याची नोंदही तिच्या मनानं घेतली. मग दगडांना टाकी लावली. हात सुजला, एक चीप खरोखरच चष्म्याच्या काचेवर येऊन आदळली. ओट्याखालचं आळ्या पडलेलं पीठ उकिरड्यावर टाकलं. पत्र्याचा उंच डबा धुतला आणि पालथा घातला.

हरीओम शेतातून आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात-पाय धुतले आणि बराच वेळ टॉवेलनं पुसत राहिला.

"सभा शुक्रवारी हाय," तो म्हणाला. "सभेनंतर सांगतलं तर नाई चालनार?"

"नाई."

"माहा बाप हाय तो, राखी."

"माही पोरगी हाय ते."

हरीओमनं टॉवेल दोरीवर टाकला. उद्या चक्कीत येणार की शेतात जाणार, हे तो बोलला नाही.

रतनसिंगना तिनं फोन केला. फ्लेक्स छापायला टाकायच्या आधी उद्या सकाळी सहाला चक्कीवर या, एवढंच सांगितलं. "सहाले? सभेचं काई हाय का?" त्यांनी विचारलं. सभेचंच समजा, असं ती म्हणाली.

कामरगावात उद्याच्या दळणाचा नंबर आदल्या संध्याकाळी लागतो. लोक डबे, पिशव्या, घमेली आणून चक्कीच्या दाराशी रांगेत ठेवून जातात, आणि ज्याचा डबा पुढं त्याचं दळण पहिलं. दिवेलागणीला राखी दार लावायला गेली तेव्हा नऊ डबे लागले होते. सर्वांत पुढं निळ्या प्लास्टिकच्या झाकणाचा एक डबा होता, आठ वर्षांत त्या रांगेत न दिसलेला. झाकण उघडून तिनं पाहिलं: ज्वारी. झाकणावर खडूनं वजन लिहिलेलं होतं, पाच किलो. तिनं दाराच्या चौकटीला तागडी टांगली, बाहेरच्या बाजूनं, रस्त्यावरून दिसेल अशी. दारावरचं अमावस्येचं खडूचं लिखाण पुसलं.

उद्या गुरुवार. चक्की सहाला सुरू होते. पहिला नंबर मंजूचा आहे. साडेसातला हेमलाबाई पातेलं घेऊन येतात, आणि कोपऱ्यातल्या डब्यात पीठ नाही.